त्रिमितीय आकार शिकवताना: आधी मोजणी, नाव शेवटी

विचारणा अशी आहे: तिसरी ते पाचवीच्या मुलांना त्रिमितीय आकार शिकवायचे आहेत. तक्ता पाठ होतो, पण हातात काडेपेटी दिली की मुलं तिला ‘आयत’ म्हणतात. डबाही गोल आणि चेंडूही गोल. इष्टिकाचितीच्या (काडेपेटीसारख्या आकाराच्या) कडा मोजायला सांगितल्या की दर वेळी नवा आकडा येतो. शंकूला शिरोबिंदू (टोक) धरायचा की नाही, वृत्तचितीला (दंडगोल डब्याच्या आकाराला) कडा किती, यावर शिक्षकांमध्येच दोन मतं असतात. घडणीचे (उलगडून सपाट केलेल्या आकाराचे) प्रश्न आले की हुशार मुलंही अंदाजपंचे उत्तर ठोकून देतात. सुरुवात कुठून करावी?

तक्ता काही दिवस गुंडाळून ठेवा. तक्त्यावरचं चित्र सपाट असतं. त्यातला घन म्हणजे समोरचा एक चौरस आणि त्याला चिकटलेले दोन तिरके चौकोन. ते पाहून मूल ‘चौरस’ म्हणालं तर ते जे दिसतंय तेच सांगतंय. वस्तू हातात घ्यायची, फिरवायची, तिची पृष्ठं-कडा-शिरोबिंदू मोजायचे, मग वर्णन करायचं आणि सगळ्यात शेवटी नाव, हा क्रम ठेवा. नाव आधी मिळालं की मूल पुढे काही बघतच नाही.

वस्तू निवडताना थोडी काळजी घ्यावी लागते. काडेपेटी, खोडरबर, अगरबत्तीचं लांबट खोकं, टॉर्चचा सेल, पत्र्याचा दंडगोल डबा, कॅरमची सोंगटी, गोटी, रबरी चेंडू, भेळेचा कागदी पुडा, न तासलेली षटकोनी पेन्सिल, इतकं घरातूनच गोळा होतं. एकाच आकाराच्या दोन टोकांच्या वस्तू मुद्दाम ठेवा: सेल आणि सोंगटी दोन्ही वृत्तचिती, पण एक उंच, दुसरी बसकी. नुसत्या डब्यावर शिकलेलं मूल सोंगटीला किंवा नाण्याला वृत्तचिती म्हणायला तयार होत नाही, कारण त्याच्या लेखी वृत्तचिती ‘उभी’ असते. तसंच काडेपेटीसोबत एक पातळ पुठ्ठाही ठेवा. पुठ्ठ्याला जाडी आहे, म्हणून तोही इष्टिकाचितीच. फळ्यावर काढलेल्या आयताला जाडी नाही, तो द्विमितीय. हा फरक बोटाने चाचपून कळतो, व्याख्येने नाही.

काही वस्तू फसव्या आहेत. स्टीलचा पेला आणि बादली सर्रास वृत्तचिती म्हणून दाखवतात, पण तोंडाचा आणि तळाचा व्यास मोजा. तोंड मोठं निघालं तर तो शंकूछेद, म्हणजे टोक कापलेला शंकू. सापशिडीच्या फाशाचे कोपरे घासून गोल केलेले असतात, त्यामुळे त्यावर शिरोबिंदू मोजायला लावू नका. विटेच्या एका बाजूला कंपनीच्या शिक्क्याचा खळगा असतो, म्हणजे ती काटेकोर इष्टिकाचिती नाही. अंडं गोल नाही. वाढदिवसाची टोपी आणि भेळेचा पुडा यांना तळच नसतो, म्हणून त्यांचं सपाट पृष्ठ शून्य. शंकूचा तळ मोजायचा असेल तर पुड्याच्या तोंडावर पुठ्ठ्याची चकती चिकटवा. अशा वस्तू टाळायच्या नाहीत, फक्त पहिल्या दिवशी आणायच्या नाहीत. चौथ्या-पाचव्या तासाला ‘हा पेला वृत्तचिती का नाही?’ हा फार चांगला प्रश्न होतो.

‘गोल’ या शब्दाचा गोंधळ खराच आहे, कारण घरी आपण पोळी, डबा आणि लाडू तिघांनाही गोलच म्हणतो. मुलाला टोकू नका. ‘पोळीसारखा गोल, डब्यासारखा गोल की लाडवासारखा गोल?’ एवढंच विचारा. तीन वेगळी उत्तरं आली की वर्तुळ, वृत्तचिती आणि गोल ही नावं त्यांना आपोआप चिकटतात.

पहिली वर्गवारी उतारावर करावी. पोळपाटाएवढी किंवा मोठी फळी घ्या, तिचं एक टोक दोन वह्यांवर टेकवा. काय घसरतं, काय गडगडतं ते पाहा. सगळी पृष्ठं सपाट असलेल्या वस्तू घसरतात किंवा जागीच राहतात. वृत्तचिती आडवी ठेवली तर सरळ रेषेत गडगडते, उभी ठेवली तर घसरते किंवा जागीच राहते. गोल कुठेही, कसाही जातो. शंकूची मजा उतारावर नाही, सपाट जमिनीवर आहे: आडवा ठेवून ढकलला की तो आपल्याच टोकाभोवती वर्तुळात फिरतो. पेन्सिल मात्र घोटाळा करते, कारण सहा अरुंद सपाट पृष्ठं असूनही ती गडगडते. ‘गडगडते म्हणजे वक्रपृष्ठ आहेच’ असा नियम मुलांनी काढला असेल तर पेन्सिल तो मोडते आणि मग पृष्ठं मोजण्याशिवाय इलाज राहत नाही.

आता मोजणी. जास्तीत जास्त वेळ इथे घालवा.

मोजणी चुकण्याचं मुख्य कारण म्हणजे वस्तू हातात फिरते आणि कुठून सुरुवात केली ते विसरायला होतं. म्हणून खुणा करा. प्रत्येक पृष्ठावर आकडा लिहा. प्रत्येक शिरोबिंदूवर कपाळाला लावायची टिकली चिकटवा. प्रत्येक कडेवरून स्केचपेन फिरवा आणि फिरवताना मोठ्याने मोजा. वस्तू टेबलावर ठेवून थराने मोजलं तर आणखी सोपं: तळाला ४ कडा, वर ४, उभ्या ४, एकूण १२. तळाला ४ शिरोबिंदू, वर ४, एकूण ८. पृष्ठं: तळ, माथा आणि भोवतीची ४, एकूण ६. घन आणि इष्टिकाचिती दोघांनाही हेच आकडे लागू पडतात, हे मुलांनी स्वतः मोजून शोधू द्या.

चुकीचं उत्तर आलं तर ते पुसण्याआधी आकडा नीट बघा. चूक कुठे झाली ते त्या आकड्यातच दिसतं.

इष्टिकाचितीला ९ कडा, ७ शिरोबिंदू आणि ३ पृष्ठं असं उत्तर आलं तर मुलाने चित्रावरून मोजलंय. कोपऱ्याकडून पाहिलेल्या घनाची बरोबर इतकीच अंगं दिसतात. मागच्या ३ कडा, १ शिरोबिंदू आणि ३ पृष्ठं लपलेली असतात. उपाय म्हणजे वस्तू हातात देणं, आणि नंतर चित्र काढताना लपलेल्या कडा तुटक रेषेने दाखवायला लावणं.

२४ कडा असं उत्तर आलं तर मूल पद्धतशीर आहे. त्याने सहाही पृष्ठांच्या चार-चार बाजू मोजल्या, फक्त प्रत्येक कड दोन पृष्ठांच्या सामाईक मालकीची आहे हे त्याच्या लक्षात आलं नाही. त्याला चूक म्हणू नका, ‘ही कड कोणत्या दोन पृष्ठांची?’ असं विचारा. २४ ÷ २ = १२. शिरोबिंदूंनाही हेच लागू: एकेका कोपऱ्यात तीन पृष्ठं भेटतात, म्हणून २४ ÷ ३ = ८. ही भागाकाराची युक्ती चौरस सूचीवर (चौरस तळाच्या पिरॅमिडवर) लावून पाहा. कडांसाठी ती चालते: तळाच्या ४ आणि चार त्रिकोणांच्या १२ मिळून १६, निम्म्या ८. शिरोबिंदूंसाठी चालत नाही, कारण तळाच्या कोपऱ्यात तीन पृष्ठं भेटतात पण टोकाशी चार. तिथे सरळ मोजावं: तळाला ४, वर १, एकूण ५.

४ कडा, ४ कोपरे असं उत्तर आलं तर मूल अजून चौरसातच आहे. अशा मुलाला मोजणीकडे ढकलण्यात अर्थ नाही. त्याला काडेपेटी वहीवर ठेवून भोवतीने पेन्सिल फिरवू द्या. मग काडेपेटी कूस बदलून पुन्हा, मग उभी करून पुन्हा. एकाच वस्तूचे तीन वेगवेगळे आयत कागदावर उमटतात. आयत हे पृष्ठ आहे आणि वस्तू त्याहून मोठी आहे, हे तिथे कळतं.

१० किंवा ११ कडा, हे निव्वळ गडबडीचं उत्तर. टिकल्या आणि स्केचपेन वापरले की ते जातं.

मोजणी जमली की वर्णन. ते ठरावीक क्रमाने करायची सवय लावा: पृष्ठं सपाट की वक्र, सपाट पृष्ठं कोणत्या आकाराची आणि प्रत्येकी किती, त्यांतली कोणती एकमेकांना समांतर आणि एकरूप, मग कडा, मग शिरोबिंदू. ‘या वस्तूला ५ सपाट पृष्ठं आहेत. त्यांतली २ त्रिकोणी आणि एकरूप, ३ आयताकृती. कडा ९, शिरोबिंदू ६.’ इतकं ऐकल्यावर नाव सांगण्याची गरजच राहत नाही, ती त्रिकोणी चितीच असणार. विज्ञानाच्या प्रयोगातला काचेचा लोलक या आकाराचा असतो.

याचा खेळ पिशवीतून चांगला होतो. कापडी पिशवीत सहा वस्तू घाला. एका मुलाने आत हात घालून एक वस्तू नुसती चाचपायची आणि वर्णन करायचं, पण नाव घ्यायचं नाही आणि ‘डब्यासारखं’ असंही म्हणायचं नाही. बाकीच्यांनी ओळखायचं. सहापेक्षा जास्त वस्तू घातल्या तर हात गोंधळतो आणि खेळ रेंगाळतो. काडेपेटी आणि खोडरबर दोन्ही एकदम पिशवीत नकोत, कारण वर्णन दोघांचं एकच येईल. ते एकच का येतं हा प्रश्न मात्र नंतर जरूर विचारा.

घन आणि इष्टिकाचिती यांत फरक करायला बाराही कडा मोजायची गरज नाही. एकाच कोपऱ्यात भेटणाऱ्या तीन कडा पट्टीने मोजा. तिन्ही सारख्या तर घन. घन ही इष्टिकाचितीच, फक्त लांबी, रुंदी आणि उंची सारखी असलेली. मुलं याला हरकत घेतात आणि ते स्वाभाविक आहे. ‘चौरस हा आयतच’ हे ज्यांना पटलेलं नाही, त्यांना हेही पटत नाही. तिथे अडून बसू नका.

चिती आणि सूची यांची ओळख बाजूच्या पृष्ठांवरून पटते. चितीची बाजूची पृष्ठं आयत असतात आणि वर-खाली दोन एकरूप तळ असतात. सूचीची बाजूची पृष्ठं त्रिकोण असतात आणि ती एका टोकाला जुळतात. तळाला न बाजू असतील तर चितीला न + २ पृष्ठं, ३न कडा, २न शिरोबिंदू. सूचीला न + १ पृष्ठं, २न कडा, न + १ शिरोबिंदू. षटकोनी पेन्सिलीला लावून पाहा: ८ पृष्ठं, १८ कडा, १२ शिरोबिंदू. सूत्र पाचवीच्या वर्गात बीजगणित म्हणून मांडू नका. त्रिकोणी, चौकोनी, पंचकोनी, षटकोनी असा तक्ता भरायला द्या, ओळी खाली सरकताना काय वाढतं ते मुलं स्वतःच सांगतात.

इथली हमखास चूक ‘तळ’ या शब्दावरून होते. तंबूसारखी आडवी ठेवलेली त्रिकोणी चिती पाहून मुलं म्हणतात, हिचा तळ आयत आहे, वर निमुळती आहे, म्हणजे ही सूची. जमिनीला टेकलेलं पृष्ठ म्हणजे तळ, असं त्यांनी धरलेलं असतं. चितीचा तळ ती कशी ठेवली यावर ठरत नाही, कोणती दोन पृष्ठं एकरूप आणि समांतर आहेत आणि बाकीची सगळी आयत आहेत यावर ठरतो. इष्टिकाचिती याला अपवाद, तिथे कोणतीही समोरासमोरची जोडी तळ म्हणून चालते. गिझाचा खुफूचा पिरॅमिड चौरस सूचीचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण आहे, तळाची बाजू सुमारे २३० मीटर. त्याला ‘त्रिकोण’ म्हणणारी मुलं (आणि पालक) भेटतात, कारण फोटो कायम समोरून काढलेला असतो. वरून काढलेला फोटो दाखवला की चौरस तळ आणि मध्यात जुळणाऱ्या चार रेषा दिसतात.

खऱ्या इमारती बहुधा एकाच आकाराच्या नसतात, त्यांचं वर्णन तुकड्यांनी करायला लावा. विजापूरच्या गोल घुमटाची इमारत खाली घनाच्या जवळ जाणारी, चार कोपऱ्यांना अष्टकोनी मनोरे आणि वर अर्धगोल.

काड्यांची प्रतिकृती केली की पृष्ठं गायब होतात आणि कडा-शिरोबिंदू तेवढे उरतात, म्हणून ती मोजणीच्या पुढची पायरी. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या विज्ञान शोधिकेमुळे महाराष्ट्राला परिचित असलेल्या अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी वापरून असे सांगाडे करायची पद्धत घरोघरी पोचवली. नळीचा सुमारे दीड-दोन सेंटिमीटरचा तुकडा घ्या, दोन्ही टोकांत एकेक काडी घाला, मध्ये बाभळीच्या काट्याने आरपार भोक पाडा आणि त्यात तिसरी काडी खुपसा, की तीन काड्यांचा सांधा झाला. काड्यांचं गुल आधी खरडून टाका. लहान मुलांसाठी सांध्याला मळलेल्या कणकेच्या गोळ्याही चालतात, पण त्या घट्ट मळलेल्या हव्यात. सैल असल्या तर काड्या कलतात आणि दोष आकाराचा की कणकेचा ते कळत नाही.

घनाला १२ काड्या आणि ८ सांधे लागतात, त्रिकोणी सूचीला ६ काड्या आणि ४ सांधे. दोन्ही तयार झाले की बोटाने जरा ढकला. सूची ढिम्म हलत नाही. घन मात्र एका बाजूला कलंडतो आणि त्याच्या चौरसांचे समभुज चौकोन होतात. आता विचारा: कडा अजून १२ आहेत? आहेत. सारख्या लांबीच्या? हो. शिरोबिंदू ८, पृष्ठं ६? हो. मग हा घन आहे का? नाही. म्हणजे आकडे सगळे जुळूनही वर्णन पुरं होत नाही, पृष्ठांचे कोन काटकोन आहेत की नाहीत हेही सांगावं लागतं. काडीच्या घनाचा हा डगमगता सांगाडा हाती असला की ‘घनाची पृष्ठं चौरस असतात’ या वाक्यातला ‘चौरस’ शब्द कशासाठी आहे ते समजतं. घन ताठ करायचा असेल तर प्रत्येक पृष्ठाला एक कर्ण द्या, म्हणजे आणखी ६ काड्या. कर्णाची काडी बाजूच्या सुमारे १.४ पट लांब लागते: ४ सेंटिमीटर बाजू असेल तर साधारण ५.७ सेंटिमीटर. आगकाडी पुरत नाही, खराट्याची काडी घ्या, आणि सांध्यातली जागा धरून प्रत्यक्ष मोजूनच कापा.

आता वादाचा मुद्दा: वृत्तचिती, शंकू आणि गोल यांचे आकडे.

शालेय पातळीवर कड म्हणजे दोन पृष्ठं जिथे भेटतात ती रेषा, मग ती सरळ असो वा वक्र. असं धरलं की वृत्तचितीला ३ पृष्ठं (२ सपाट, १ वक्र), २ वर्तुळाकार कडा आणि शिरोबिंदू शून्य. शंकूला २ पृष्ठं (१ सपाट, १ वक्र), १ वर्तुळाकार कड आणि १ शिरोबिंदू. गोलाला १ वक्रपृष्ठ, बाकी काही नाही. अर्धगोलाला २ पृष्ठं आणि १ कड. शिष्यवृत्तीसारख्या परीक्षांत हेच उत्तर द्यावं.

मतभेद येतो तो वेगळ्या व्याख्येतून. ज्या त्रिमितीय आकारांची सगळी पृष्ठं सपाट असतात, त्यांच्यात शिरोबिंदू म्हणजे तीन किंवा अधिक कडा भेटण्याची जागा, आणि कड म्हणजे रेषाखंड. त्या व्याख्येने शंकूच्या टोकाला एकही कड येऊन मिळत नाही, म्हणून ते शिरोबिंदू ठरत नाही. वृत्तचितीला कडाही उरत नाहीत. दोन्ही बाजू आपापल्या व्याख्येत बरोबर आहेत. वर्गात एक व्याख्या ठरवा, फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा आणि वर्षभर ती बदलू नका. मुलाने ‘पण कडा तर सरळ असतात ना?’ असं विचारलं तर त्याला दुसरी व्याख्याही सांगा, दडवू नका.

याच कारणासाठी ऑयलरचं सूत्र या तिघांवर चालवू नये. गणितज्ञ लिओनार्ड ऑयलर यांनी १७५० मध्ये दुसरे गणितज्ञ गोल्डबाख यांना पत्रातून कळवलेला हा नियम आहे: पृष्ठं + शिरोबिंदू = कडा + २. घन: ६ + ८ = १२ + २. चौरस सूची: ५ + ५ = ८ + २. वृत्तचितीला लावला तर ३ + ० आणि २ + २, जुळत नाही. गंमत म्हणजे शंकूला जुळतो: २ + १ = १ + २. तो योगायोग आहे. शंकूचं उदाहरण घेऊन सूत्र ‘सिद्ध’ करणारी मार्गदर्शिका दिसली तर तेवढं पान वगळा. सपाट पृष्ठांच्या आकारांसाठी मात्र हे सूत्र मोजणी पडताळायला फार कामाचं आहे. ११ कडा मोजणाऱ्या मुलाला स्वतःची चूक स्वतः पकडता येते.

घडणीकडे वळण्याआधी एक खोकं उलगडा. टूथपेस्टचं किंवा साबणाचं खोकं चिकटवलेल्या जागी सोडवून सपाट करा, चिकटवायच्या पट्ट्या कापून टाका, जे उरतं ती घडण. आधी उलगडणं, मग घडवणं. उलट क्रमाने गेलं की मुलं नुसती रेषा कॉपी करतात.

घन करायचा तर बाजू ६ सेंटिमीटर घ्या. चार चौरसांची पट्टी आणि दोन बाजूंना एकेक चौरस, अशी घडण २४ × १८ सेंटिमीटरची होते आणि पट्ट्यांसकट ए-फोर कार्डशीटवर मावते. बाहेरच्या कडा १४, त्या जोडीजोडीने चिकटायच्या, म्हणून चिकटपट्ट्या ७ लागतात, एकाआड एक. मुलं चौदाही कडांना पट्ट्या काढतात आणि मग पट्टीवर पट्टी येऊन घन फुगतो. पट्टी १ सेंटिमीटर रुंद, टोकं तिरकी कापलेली. घड्या घालण्याआधी संपलेल्या रिफीलने पट्टी धरून रेषा दाबून घ्या, नाहीतर कार्डशीट भलतीकडेच मुडपतं. शेवटचं झाकण चिकटवताना आत बोट जात नाही, म्हणून तिथे डिंक जरा जास्त आणि वरून वहीचं वजन.

घनाच्या वेगवेगळ्या घडणी ११ आहेत (फिरवून किंवा पालथी करून जुळणाऱ्या एकच धरून). सहा चौरस कडेला कड लावून जोडायच्या तऱ्हा ३५. त्यांतल्या ११ च मिटतात. ११ पाठ करण्यापेक्षा न मिटणाऱ्या ओळखणं सोपं. एका रांगेत पाच चौरस असले तर बाद, कारण भोवतीने चारच पृष्ठं बसतात आणि पाचवा पहिल्यावर चढतो. कुठेही दोन बाय दोनचा ठोकळा असला तर बाद, कारण घनाच्या कोपऱ्यात तीनच चौरस भेटतात. चार भेटले की कागद सपाटच राहतो.

समोरासमोरची पृष्ठं शोधण्याच्या प्रश्नांना दोन नियम पुरतात. सरळ रांगेत एक सोडून पुढचा चौरस समोर येतो. आणि झेडसारख्या वळणात दोन टोकांचे चौरस समोरासमोर येतात. फाशाच्या घडणीत समोरासमोरच्या ठिपक्यांची बेरीज ७ हवी, तेवढं या दोन नियमांनी तपासता येतं. तरी पहिले काही प्रश्न कागद कापून, घडी घालूनच सोडवू द्या. नियम आधी दिला तर मूल झेड शोधत बसतं, घन पाहत नाही.

इष्टिकाचितीच्या घडणीत माप चुकतं. ८ × ५ × ३ सेंटिमीटरचं खोकं घ्या: पट्टी ८, ५, ८, ५ अशी २६ सेंटिमीटर लांब आणि ३ रुंद. झाकण ८ × ५ चं, ते ८ च्या तुकड्याला त्याच्या ८ च्या बाजूने जोडायचं. मुलं ते ५ च्या तुकड्याला ८ ची बाजू लावून काढतात आणि दोन्हीकडून दीड-दीड सेंटिमीटर बाहेर येतं. नियम एकच: जोडणाऱ्या दोन कडांची लांबी सारखी हवी.

वृत्तचितीचं वक्रपृष्ठ उलगडलं की आयत मिळतो, आणि त्याची लांबी तळाच्या व्यासाएवढी नसते, परिघाएवढी असते. त्रिज्या ३.५ सेंटिमीटर असेल तर आयत २२ सेंटिमीटर लांब, अधिक चिकटवायला १. ७ सेंटिमीटरचा आयत कापलेलं मूल तो चकतीभोवती गुंडाळायला जातं तेव्हा एक तृतीयांशही पुरत नाही. ते तसं होऊ द्या, मग दोरा गुंडाळून परीघ मोजायला सांगा.

शंकूसाठी त्रिकोण कापणारेच जास्त. त्रिकोणाचा पुडा होतो, पण त्याचं तोंड वाकडं येतं आणि तो टेबलावर सरळ उभा राहत नाही. लागते ती वर्तुळपाकळी, म्हणजे टोकापासून तळाच्या कडेपर्यंतचं अंतर सगळीकडे सारखं. या अंतराला तिरकस उंची म्हणतात. पाकळीचा कोन = ३६० × तळाची त्रिज्या ÷ तिरकस उंची. तळाची त्रिज्या ३.५ आणि तिरकस उंची १४ घेतली तर कोन बरोबर ९० अंश, म्हणजे १४ सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा चतकोर. चिकटवायला एका बाजूला १ सेंटिमीटर जास्त ठेवा. हा शंकू तळाच्या कडेवर एक खूण करून जमिनीवर टोकाभोवती फिरवला तर मूळ जागी येईपर्यंत खूण चार वेळा जमिनीला टेकते, कारण चार चतकोरांचं एक वर्तुळ. अर्धवर्तुळाचा शंकू केला तर दोनच वेळा टेकेल. कोनाचं सूत्र शिकवायचं वय नसलं तरी हे फिरवून मोजणं तिसरीतही जमतं.

शेवटचा प्रयोग कापण्याचा. अंगाच्या साबणाची नवी वडी मऊ असताना तिचा घन कापून घ्या. सुरीपेक्षा ताणलेला दोरा बरा, साबण फुटत नाही. तळाला समांतर कापलं की चौरस छेद मिळतो. एका कोपऱ्यातून निघणाऱ्या तीन कडांवर सारख्याच अंतरावर खुणा करून त्या तिन्हींतून दोरा ओढला तर समभुज त्रिकोण. आणि घनाच्या आरपार समोरासमोरचे (एकाच पृष्ठावर नसलेले) दोन कोपरे निवडून, त्यांना न टेकणाऱ्या सहा कडांच्या मध्यबिंदूंतून दोरा गेला तर छेद सुसम षट्कोन येतो. हा छेद पहिल्या खेपेला सरळ येत नाही. सहाही मध्यबिंदू पेनाने ठळक करा, त्यांना जोडणाऱ्या रेषा टाचणीने पृष्ठांवर खरवडून घ्या आणि दोरा त्या खाचेत बसवून दोघांनी मिळून ओढा. दोरा तिरका गेला तर बाजू लहानमोठ्या होतात किंवा पंचकोन येतो. सप्तकोन मात्र कितीही प्रयत्न केला तरी येत नाही, कारण दोरा प्रत्येक पृष्ठावर एकच रेष सोडतो आणि पृष्ठं सहाच आहेत.